काथ्या

गाडी घरी येऊन अकरा दिवस झाले होते.
सीटवरचं प्लॅस्टिक मी कुणाला काढू देत नव्हते.
रविवारी उठून खाली आले
तर आबा बादली घेऊन बसलेले, लेंगा गुडघ्यावर,
हातात काथ्या.

नारळाचा. वर कपड्याच्या साबणाची वडी.
चाकांवरची काळी कमान, दारांखालची काळी पट्टी,
बंपरची हनुवटी,
मग दोन्ही दिवे,
गोल गोल, दाबून, मन लावून,
जशी पंचगंगेच्या घाटावर भिंगरीला घासायचे:
पाठीवरून शेपटीकडं, कानांमागं,
शेवटी डोळ्यांच्या कडेची चिपडं अंगठ्यानं.

"काळं हाय न्हवं, मळ दिसत न्हाई त्यात," म्हणाले,
"म्हणून जास्ती घासाय लागतंय."

मी काही बोलले नाही.
बोलायचं होतं ते सगळं हप्त्याच्या आकड्यात होतं,
साठ महिने, त्यातला एकही अजून भरला नव्हता.
पाणी सुकलं तसे ओरखडे वर आले,
काळ्यावर करडे,
पाटीवर पुसून राहिलेल्या गणितासारखे.
दिव्यांत मोतीबिंदू.

शोरूमवाला फोनवर म्हणाला, बदलावे लागतील, मॅडम.
किंमत सांगितली. एका दिव्याची.
तेवढ्यात त्या काळी भिंगरी आली असती,
रेडकासकट.

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांमधल्या बोळात
दस्तगीर शिकलगार बसतो.
आजा तलवारी उजळायचा, बाप कात्र्या आणि अडकित्ते,
हा दिवे.
त्यानं दिव्यावरून नख फिरवलं. कुठं अडकलं नाही.
"निघंल," म्हणाला, आणि पॉलिशपेपर पाण्यात बुडवला.
माझा जीव घशात.
"ओरखडा काढायला ओरखडाच लागतोय, ताई.
फकस्त बारीक. मग त्याच्याहून बारीक.
शेवटाला इतका बारीक की उजेडालाबी गावत न्हाई."

दीड हजारचा कागद. दोन हजारचा. तीन हजारचा.
दिवा आधी पार आंधळा झाला, ताकासारखा.
मग पांढरं मलम, लोकरीचं चाक, फिरकीचा आवाज,
आणि त्या ताकातून हळूहळू
माझंच तोंड वर आलं, कपाळाला आठी घालून.

"आणि ह्या काळ्याचं?"
त्यानं मान हलवली.
"ह्यो रंग न्हवं. ह्येला कातडं हाय, दाणेदार.
घासाल तर टक्कल पडल्यागत गुळगुळीत हुईल.
गरम हवा मारतो. निम्मं काळं परत येतंय.
निम्म्यासंगं ऱ्हावा."

आबा समोर कुणाच्या तरी लुनावर बसून बघत होते.
चुकलं असं ते म्हणाले नाहीत,
आयुष्यात कधी म्हणाले नाहीत,
दुधात पाणी निघालं असं गिऱ्हाईक भांडलं तेव्हाही नाही.
बंडीच्या आतल्या खिशातून
चौघडी घातलेली पाचशेची नोट काढून
त्यांनी माझ्या हातात दिली, दस्तगीरच्या नव्हे.
आठशे झाले होते. मी नोट घेतली.
न घेणं जास्त झोंबलं असतं.

संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं.
वाटीत खोबरेल. काथ्या कुठं दिसला नाही.
दोन बोटांनी ते चाकावरच्या करड्यावर तेल लावत होते,
पाडव्याला शिंगांना लावावं तसं,
आणि ओरखड्यापाशी बोट जरा थांबत होतं.
उद्या शिरोली नाक्याची सगळी धूळ त्याच्यावर बसणार,
मला माहीत होतं.

"रातीला हिला कुठं बांधायची?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी वरूनच किल्लीचं बटण दाबलं.
दिवे दोनदा मिचकले.
आबांनी दचकून हात मागं घेतला, मग हसले.
"जागीच हाय की," म्हणाले,
आणि वाटी उचलून पलीकडच्या अंगाला गेले.